वाड्यांतलें जुनें बिऱ्हाड

भाड्यानें दिलेली जागा ही एक विलक्षण वस्तु आहे. ती मालकाची असून मालकाच्या उपयोगीं पडत नाहीं, आणि बिऱ्हाडकरूची नसून त्याचा सारा संसार तींत उभा असतो. अशा वस्तूविषयीं दोघांच्याहि मनांत आपलेपणा उत्पन्न व्हावा व त्या आपलेपणांतूनच कलह उद्भवावा, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. जालना शहरांत कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर, जुन्या जालन्यांत काय किंवा कादराबादेंत काय, एकाच कुटुंबाकडे तीस-चाळीस वर्षें भाड्यानें असलेल्या जागा आहेत. अंबड, परतूर, भोकरदन येथेंहि तोच प्रकार. आजोबांनीं बोलाचालीवर जागा दिली, वडिलांनीं तेंच भाडें पुढें चालविलें, आणि नातू आतां हिशेब मांडून पाहतो तों वर्षाच्या भाड्यांतून घरपट्टीहि भागत नाहीं! माळवद गळूं लागलेलें असतें, तुळईस वाळवी लागलेली असते. मालक म्हणतो, "एवढ्या भाड्यांत दुरुस्ती कोठून करूं?" बिऱ्हाडकरू म्हणतो, "दुरुस्तीच नाहीं, तर भाडें वाढवून काय म्हणून देऊं?" दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें असतें, आणि त्या दोन खऱ्यांच्या मध्यें वाडा मात्र खचत जातो.

आम्ही वकील नव्हे. परंतु शाळेच्या नोकरींत अर्जविनंत्या लिहून देण्याची संवय जडल्यामुळें, निवृत्तीनंतरहि अशा घरांतील मंडळी कागदांचें बोचकें घेऊन आमच्याकडे येत असतात. प्रश्न बहुधा दोनच असतात. भाडें वाढवितां येतें काय, आणि जागा परत मिळते काय? पहिल्याचें उत्तर "कायद्यानें वाढवितांच येत नाहीं" असें, व दुसऱ्याचें "कोर्टांत गेलें कीं जन्म जातो" असें प्रत्येकानें आधींच ठरवून ठेविलेलें असतें. ह्या दोन समजुतींमुळें जितकें नुकसान होतें, तितकें प्रत्यक्ष कायद्यामुळें होत नाहीं. मालकाचा अधिकार कायद्यानें लहान केला आहे हें खरें. परंतु तो नाहींसा केलेला नाहीं. जो मालक तो दरसाल, लेखी आणि रीतसर वापरतो, त्याच्या हातीं तो राहतो. जो वीस वर्षें गप्प बसून एके दिवशीं सारा एकदम वापरूं पाहतो, त्याच्या हातून तो निसटतो. हेंच आज थोड्या विस्तारानें सांगावयाचें आहे.

जुना प्रश्न, जुनीं उत्तरें

हा कलह आजकालचा आहे असें कोणी समजूं नये. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या 'धर्मस्थीय' नांवाच्या तिसऱ्या अधिकरणांत, वास्तूचा विचार करतांना, भाड्याच्या घराचाहि विचार केलेला आहे. भाड्यास तेथें 'अवक्रय' असा शब्द आहे. जागा सोडण्यास सांगितल्यावरहि जो तेथेंच राहतो त्यास बारा पण दंड सांगितला आहे. आणि भाडें देऊन राहणारास जो मालक हुसकून लावतो त्यासहि तितकाच, बारा पण! मात्र भाडेकरू शिवीगाळ वा मारहाण, चोरी, दांडगाई, परस्त्रीचें अपहरण किंवा खोट्या हक्काचा उपभोग असल्या दोषांस पात्र झाला असेल, तर त्यास घालविणाऱ्या मालकास दंड नाहीं. उलट, जो भाडेकरू आपण होऊन जागा सोडतो त्यानें वर्षाच्या भाड्याची बाकी चुकती करावी, असेंहि सांगितलें आहे. नारदस्मृतींत, दुसऱ्याच्या जागेंत भाडें देऊन घर बांधून राहिलेल्या मनुष्यानें निघतांना आपलें गवत, लांकूड व विटा घेऊन जावें, असा निर्णय आहे.

ह्या जुन्या नियमांतून तीन तत्त्वें स्पष्ट दिसतात. भाडें देणारास संरक्षण आहे. दोष घडल्यास तें संरक्षण जातें. आणि दंडाचा अधिकार राजाकडे आहे, मालकाच्या दंडुक्याकडे नाहीं. आजचा कायदा आकारानें कितीहि मोठा झाला असला, तरी त्याचा सांगाडा हाच आहे, आणि हा सांगाडा ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील कलमें समजण्यास जड जात नाहींत.

आपल्या भागांत कोणता कायदा

मराठवाड्याचा इतिहास निराळा असल्यामुळें आपल्याकडे ह्या बाबतींत अजूनहि घोटाळा आहे. मुंबई इलाख्यांत १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा होता, विदर्भांत १९४९ चा हुकूम होता, आणि जालना हैदराबाद राज्यांत असल्यामुळें येथें हैदराबादचा १९५४ चा घरभाडें नियंत्रणाचा कायदा आला. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी घरभाड्यापुरते तिन्ही कायदे आपापल्या भागांत तसेच चालू राहिले. शेवटीं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला व मागील तिन्ही रद्द झाले. म्हणून जुन्या जाणत्यांनीं 'कंट्रोलरकडे अर्ज करा' असा सल्ला दिला, तर तो रद्द झालेल्या कायद्याचा सल्ला आहे असें समजावें. आतां जेथें लघुवाद न्यायालय नाहीं तेथें भाड्याचा दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यापुढें चालतो व त्यावरील अपील जिल्हा न्यायालयांत होतें.

निवास, शिक्षण, धंदा, व्यापार व माल सांठविणें ह्यांसाठीं भाड्यानें दिलेल्या जागांस हा कायदा लागू आहे. मात्र तो त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या गांवांपुरताच. खेड्यांतील घर त्या यादीबाहेर असेल, तर तेथें १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो, व महिन्याच्या बोलीवर दिलेली जागा पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन परत मागतां येते. बँका, सरकारी उपक्रम, आणि एक कोटि रुपये किंवा अधिक भरणा झालेलें भांडवल असलेल्या कंपन्या ह्या भाडेकरू असतील, तर त्यांना नव्या कायद्याचें संरक्षण नाहीं. रस्त्यावरची जागा बँकेस दिलेली असेल, तर तेथें मालकाचे हात पुष्कळ मोकळे आहेत.

आणखी एक गोष्ट. शेतजमिनीचें कूळ आणि घराचा भाडेकरू ह्यांची गल्लत करूं नये. शेतजमिनीस आपल्याकडे हैदराबादचा १९५० चा कुळवहिवाट कायदा आहे, आणि त्याचा येथील विवेचनाशीं कांहीं संबंध नाहीं.

भाडें वाढविण्याचे मार्ग

पहिला मार्ग दरसालच्या वाढीचा. अकराव्या कलमानें मालकास दरवर्षी शेंकडा ४ प्रमाणें भाडें वाढविण्याचा अधिकार आहे. त्यासाठीं न्यायालयांत जावें लागत नाहीं, भाडेकरूची संमति लागत नाहीं. ह्या सवलतीमागेंहि कारण आहे. मुंबईच्या जुन्या कायद्यांत भाडीं कित्येक दशकें जागच्या जागीं गोठलेलीं होतीं. मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९७ मध्यें असें गोठविणें अवाजवी ठरविलें. नव्या कायद्यांत चार टक्क्यांची तरतूद आली ती ह्या पार्श्वभूमीवर.

आतां चार टक्के म्हणजे काय? साठ रुपये भाड्यावर महिना दोन रुपये चाळीस पैसे! मालक हंसतो, आणि एवढ्यासाठीं कोण कागद काळे करील म्हणून सोडून देतो. परंतु सरळ हिशेबानेंहि २५ वर्षांत चार टक्क्यांनीं भाडें दुप्पट होतें. २००० सालापासून हा अधिकार आहे. ज्यांनीं तो दरसाल वापरला त्यांचें भाडें दुपटीस जाऊन पोंचलें. ज्यांनीं नाहीं वापरला त्यांचें तेथेंच राहिलें. वाढ आपोआप होत नसते, ती मागावी लागते. शिवाय थकलेलें भाडें तीन वर्षांपलीकडचें दाव्यानें वसूल करतां येत नाहीं. म्हणून दरसाल एका ठराविक तिथीस, समजा पाडव्यास, एक पत्र लिहावें : इतकें भाडें होतें, अमुक महिन्यापासून इतकें होईल. तें पोंचल्याची सही घ्यावी किंवा पोष्टानें पोंचपावतीसह पाठवावें, आणि प्रत जपून ठेवावी. पंचवीस पत्रांची ही चळत पुढें वकिलाच्या पंचवीस युक्तिवादांहून अधिक कामास येते.

दुसरा मार्ग करांचा. बाराव्या कलमाप्रमाणें नगरपालिकेनें किंवा सरकारनें त्या जागेवर नवा कर बसविला, अथवा चालू कर वाढविला, तर जितका बोजा वाढला तितकाच भाड्यांत मिळवितां येतो. त्याहून अधिक नाहीं. जालन्यास २०२३ सालीं महानगरपालिका झाली. घरपट्टीचें नवें बिल हातीं आलें कीं जुन्या बिलाशेजारीं ठेवून फरक काढावा, तो बिऱ्हाडांच्या क्षेत्रफळाप्रमाणें वांटावा, व दोन्ही बिलांच्या नकला पत्रास जोडाव्या. बिल दाखविल्यावर कुरकूर बरीच कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

तिसरा मार्ग सुधारणांचा. येथें दुरुस्ती व सुधारणा ह्यांतील भेद जाणावा. गळकें माळवद नीट करणें, पडकी भिंत सांवरणें ही दुरुस्ती, आणि ती चौदाव्या कलमानें मालकाचें कर्तव्यच आहे. तिच्यासाठीं ह्या मार्गानें भाडें वाढत नाहीं. परंतु मातीच्या धाब्याच्या जागीं सिमेंटचा स्लॅब घातला, प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र शौचकूप दिलें, तर ती सुधारणा. अशा कामास शेंकडा ७० भाडेकरूंची आगाऊ संमति घेतली, तर झालेल्या खर्चाच्या शेंकडा १५ पर्यंत रक्कम वर्षाच्या भाड्यांत वाढवितां येते. एका बिऱ्हाडापुरता वीस हजार रुपये खर्च आला असेल, तर वर्षास तीन हजार, म्हणजे महिन्यास अडीचशें. साठ रुपये भाड्याच्या जागेंत ही वाढ कितीतरी मोठी आहे. तिन्ही मार्गांत खरा अर्थ ह्याच मार्गास आहे, आणि बिऱ्हाडकरूलाहि त्याच्या पैशाचा मोबदला डोळ्यांपुढें दिसतो.

ह्या मार्गांपलीकडे मनास येईल तसें भाडें वाढविणें हा गुन्हा आहे. प्रमाण भाडें कोणतें ह्याविषयींच वाद असेल, तर तें ठरवून देण्याचा अधिकार न्यायालयास आहे. जुन्या जागांच्या बाबतींत, १ ऑक्टोबर १९८७ रोजीं जें भाडें होतें तें त्या हिशेबाचा पाया धरलेलें आहे. म्हणून त्या सुमाराच्या पावत्या घरांत कोठें असतील त्या शोधून ठेवाव्या.

जागा परत मिळविण्याचे मार्ग

मुख्य सूत्र पंधराव्या कलमांत आहे. भाडेकरू प्रमाण भाडें व कायदेशीर वाढ देत असेल, किंवा देण्यास तयार असेल, तोंपर्यंत केवळ 'मुदत संपली' म्हणून त्यास काढतां येत नाहीं. जागा हवी असेल तर कायद्यांत सांगितलेलें कारण दाखवून सिद्ध करावें लागतें. ह्यांतील मुख्य कारणें अशीं.

भाडें थकलें असेल, तर आधीं लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते व ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबावें लागतें. त्यानंतरच दावा. दाव्याचें समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनें सारी थकबाकी शेंकडा १५ च्या सरळव्याजासह व खर्चासह न्यायालयांत भरली, आणि पुढें निकालापर्यंत नियमित भरीत राहिला, तर ह्या कारणावरून जागा मिळत नाहीं. मालकास पैसा मिळतो. ज्यास जागाच हवी आहे त्यानें केवळ थकबाकीवर भिस्त ठेवूं नये.

भाडेकरूनें जागेची नासधूस केली, मालकाच्या लेखी संमतीवांचून पक्कें बांधकाम केलें, शेजाऱ्यांस उपद्रव दिला, जागेंत बेकायदा धंदा चालविला, किंवा जागा चोरून दुसऱ्यास पोटभाड्यानें दिली, तर हीं सारीं सबळ कारणें आहेत. कौटिल्याच्या अपवादांशीं ह्यांचें साम्य वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. मात्र नगरपालिकेच्या परवानगीनें केलेलें लांकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, वाऱ्यासाठीं पाडलेली खिडकी हीं पक्कीं बांधकामें मानलीं जात नाहींत. त्यांवरून दावा करूं नये. दाव्यापूर्वीं सलग सहा महिने जागा सबळ कारणावांचून वापरांत नसेल, तर तेंहि कारण होतें. पुण्यास मुलाकडे राहावयास गेलेल्या बिऱ्हाडकरूचें वर्षानुवर्षें कुलूप लागलेलें असतें, तेथें हें कलम उपयोगीं पडतें.

आमच्या वाचकांच्या घरांतून सर्वांत अधिक उद्भवणारें कारण म्हणजे स्वतःची गरज. मुलाचें लग्न झालें, सून आली, नातवंडें झालीं, बाहेरगांवीं असलेला भाऊ निवृत्त होऊन परतला, आणि दोन खोल्यांत दहा माणसें झालीं. गरज वाजवी व खरी असेल, तर कायदा ती मानतो. आणि गरज म्हणजे एकट्या मालकाचीच नव्हे, त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचीहि. परंतु न्यायालय दुसऱ्या बाजूसहि तराजूंत घालतें. जागा दिल्यानें भाडेकरूस अधिक कष्ट होतील कीं न दिल्यानें मालकास, हें पाहिलें जातें. आणि अर्धी जागा देऊन भागत असेल, तर तेवढीच देववितात. जागा मिळाल्यावर एक महिन्याच्या आंत मालकानें तेथें राहावयास गेलें पाहिजे, व एक वर्षाच्या आंत ती दुसऱ्यास भाड्यानें देतां कामा नये. नाहीं तर जुना भाडेकरू न्यायालयामार्फत पुनः जागेंत येऊं शकतो. गरजेचें सोंग करून अधिक भाड्याचा गिऱ्हाईक आणणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

वाडा पाडून नवा बांधावयाचा असेल, तरी मार्ग आहे. त्यासाठीं पैशाची तजवीज झालेली असली पाहिजे, नकाशे व अंदाजपत्रकें तयार असलीं पाहिजेत, आणि नव्या इमारतींत जुन्या भाडेकरूस त्याच्या पूर्वीच्या जागेइतकी जागा देण्याची हमी न्यायालयास द्यावी लागते. म्हणजे भाडेकरूस कायमचें घालविण्याचा हा मार्ग नव्हे. वाडा वांचविण्याचा मात्र आहे.

जुना भाडेकरू वारला म्हणजे भाडेंहि संपलें, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. राहत्या जागेंत त्याच्या मृत्यूच्या वेळीं त्याच्याबरोबर राहणारें कुटुंबांतील माणूस भाडेकरू होतें. मुंबईस नोकरी करणारा मुलगा केवळ वारस म्हणून येऊन जागा अडवूं शकत नाहीं. परंतु नवऱ्याबरोबर चाळीस वर्षें तेथें राहिलेली विधवा बाई तेथेंच राहते. आणि तिनें तेथें राहावें, हें कायद्याहून जुन्या धर्मासहि धरूनच आहे.

एकत्र कुटुंबांतील मालकी

वाडा बहुधा चार भावांच्या नांवीं असतो, आणि चौघांच्या चार दिशा असतात. येथें एक दिलाशाची गोष्ट सांगितली पाहिजे. सहहिस्सेदारांपैकीं एकट्यालाहि, इतरांची हरकत नसल्यास, जागेचा दावा लावतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें वेळोवेळीं ठरविलेलें आहे. परंतु हरकत नसणें हीच खरी अडचण! एक भाऊ दावा लावतो, आणि दुसरा त्याच भाडेकरूकडून गुपचुप भाडें घेऊन पावती देतो. मग दावा कसा टिकावा? म्हणून प्रथम घरांतील मंडळींनीं एकत्र बसून, भाडें कोणीं घ्यावें, पावती कोणीं द्यावी आणि पत्रावर सही कोणाची असावी, हें एका कागदावर ठरवावें. घरांतला कागद झाल्याशिवाय बाहेरचा कागद बळकट होत नाहीं.

पावतीविषयीं दोन शब्द. भाडें घेतल्यावर लेखी पावती देणें मालकास बंधनकारक आहे. पुष्कळ घरांतून ती देण्याचें टाळतात. पावती दिली कीं भाडेकरूचा हक्क लागू होतो, ही समजूत. हक्क पावतीनें उत्पन्न होत नाहीं. उलट पावती नसल्यामुळें किती भाडें, केव्हांपासून व कोणत्या भागाचें, हें मालकासच सिद्ध करतां येत नाहीं.

नवें बिऱ्हाड ठेवतांना

आतां नव्यानें जागा देणारांविषयीं. पंचावन्नाव्या कलमानें भाड्याचा किंवा परवान्याचा प्रत्येक करार लेखी असला पाहिजे व तो नोंदला गेला पाहिजे. तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदविल्यास मालकास शिक्षा आहे, आणि शर्तींविषयीं वाद निघाला, तर उलट पुरावा येईतों भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य धरलें जातें. अकरा महिन्यांचा करार केला कीं नोंदणी लागत नाहीं, हा समज आपल्या राज्यांत चुकीचा आहे. येथें अकरा महिन्यांचा करारहि नोंदवावा लागतो.

आजकाल बहुतेक लोक 'लिव्ह अँड लायसन्स' असा करार करतात. ह्यांत जागेंत राहण्याची केवळ परवानगी असते. राहण्यासाठीं दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर परवानगीधारक निघाला नाहीं, तर दिवाणी दाव्याच्या ऐवजीं सरकारनें नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो. तेथें काम संक्षिप्त रीतीनें चालतें; समोरच्यास बचाव करण्यासाठींसुद्धां ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी मिळवावी लागते. मुदतीनंतर तो जितके दिवस राहील, तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानें द्यावी लागते. ही सोय राहत्या जागेपुरतीच आहे, दुकानास नाहीं. करारांतच दरसालची वाढ किती, अनामत किती, वीज-पाण्याचें बिल कोणाकडे, हें स्पष्ट लिहावें. सैन्यांत व सरकारी नोकरींत असलेल्या मालकांस त्यांच्या स्वतःच्या राहण्यासाठीं भाड्यानें दिलेली जागा परत मागण्याचीहि ह्याच प्राधिकाऱ्याकडे स्वतंत्र सोय आहे.

जें कदापि करूं नये

नळ तोडणें, विजेची तार काढणें, जिन्यास कुलूप लावणें, सामान रस्त्यावर टाकणें, असले प्रकार अधूनमधून ऐकूं येतात. पाणी, वीज वगैरे आवश्यक सोयी तोडणें हा ह्या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमानें शिक्षेस पात्र गुन्हा आहे, व न्यायालय त्या सोयी पुनः सुरू करून देतें. जबरीनें बाहेर काढलेला मनुष्य, जागा कोणाच्या मालकीची हा प्रश्न बाजूस ठेवून, १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यानें सहा महिन्यांच्या आंत दावा लावून ताबा परत घेऊं शकतो. भाडें नाकारून भाडेकरूस थकबाकीदार बनविण्याची युक्तिहि फसवी आहे. तो मनीऑर्डर पाठवितो, ती परत येते, आणि 'मी देण्यास तयार होतों' ह्याचा पुरावा पोष्टच त्यास करून देतें. दांडगाई केलेल्या मालकाची खरी गरजदेखील मग न्यायालयास खोटी वाटूं लागते.

बिऱ्हाडकरूच्या बाजूनेंहि एक शब्द. मालकानें दुरुस्तीची टाळाटाळ केली, तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूस स्वतः दुरुस्ती करतां येते व तिचा खर्च भाड्यांतून वळता करून घेतां येतो. मात्र तो वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक होतां कामा नये. साठ रुपयांच्या भाड्याचा चतुर्थांश म्हणजे वर्षास एकशें ऐंशी रुपये. त्यांत माळवदावर दोन पाट्या मातीहि पडावयाची नाहीं. म्हणजे भाडें अत्यंत कमी राहिलें, तर कायद्यानें दिलेला हा हक्कहि पोकळ ठरतो. वाजवी वाढ देण्यांत बिऱ्हाडकरूचेंहि हित आहे, तें ह्याचसाठीं.

पहिलें पाऊल

इतकें सारें सांगितल्यावर कोणी विचारील कीं, मग उद्यां सकाळीं करावें तरी काय? आमचा सल्ला असा. प्रथम कागद गोळा करावे : घरपट्टीचीं बिलें, जुन्या पावत्या, नकाशा, वांटणीपत्र. नंतर भावांनीं आपसांत एकमत करावें. मग बिऱ्हाडकरूच्या घरीं स्वतः जावें, नोटीस पाठवून नव्हे. "वहिनी, यंदा घरपट्टी एवढी वाढली, बिल घेऊन आलों आहें," असें म्हणून कागद पुढें ठेवला, तर "भाऊजी, तुम्ही म्हणतां तें खरें, पण एकदम इतके आमच्यानें नाहीं होणार," असें उत्तर येतें, आणि बोलण्यास वाट होते. त्या वाटेनें जें ठरेल तें त्याच आठवड्यांत लेखी करून दोघांनीं सह्या कराव्या व करार नोंदवून घ्यावा. स्लॅब मालकानें घालावा, भाडें इतकें वाढावें, वरची खोली मालकाच्या मुलासाठीं रिकामी व्हावी व खालची बिऱ्हाडकरूकडे राहावी, अशी तडजोड न्यायालयाच्या निकालाहून पुष्कळदां दोघांसहि अधिक देऊन जाते. न्यायालय एकास जागा देईल वा दुसऱ्यास ठेवील. गळतें माळवद तें शाकारून देत नाहीं.

तडजोड नाहींच झाली, तर कायद्याची पायरी चढण्यास लाजूं नये. जुन्या ओळखीच्या मनुष्यावर दावा लावणें म्हणजे वैर, असें समजून कित्येक मालक गप्प बसतात व मनांतल्या मनांत कुढतात. मग तें कुढणें एके दिवशीं नळ तोडण्यापर्यंत जातें. त्यापेक्षां रीतसर नोटीस व रीतसर दावा हा सभ्य मनुष्याचा मार्ग आहे. त्यासाठीं चांगला वकील गांठावा, आणि त्यास खरें तेंच सांगावें.

कायद्यानें ठरविलेली चार टक्क्यांची वाढ क्षुल्लक वाटते खरी. परंतु दरसाल लिहिलेल्या त्या एका पत्रानें मालकास आपला हक्क स्मरतो, बिऱ्हाडकरूस आपलें कर्तव्य स्मरतें, आणि दोघांची वर्षांतून एकदां तरी समोरासमोर भेट होते. यंदाच्या पावसाळ्यापूर्वीं ज्यांच्या घरीं असें जुनें बिऱ्हाड आहे, त्यांनीं माळवदावर एकदां चढून पाहावें, आणि खालीं उतरल्यावर तें पत्र लिहावयास घ्यावें.